ओंजळ १.४

मंगळवार, ४ मार्च

सगळं बदललं ते आज दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. त्याआधी मी बऱ्यापैकी सुखी माणूस होतो, म्हणजे दुःखाची सवय झालेला. चार दहाला नव्या कॉम्प्युटरवर आमचा मापांचा प्रोग्रॅम चढवायला घेतला आणि पडद्यावर ओळ आली, की ओंजळची दोन नंबरची आवृत्ती निघाली आहे. खाली बदलांची यादी. त्यातली पहिलीच ओळ: "वळण गुळगुळीत करण्याची जुनी रीत काढून टाकली. चुकीची होती."

चुकीची होती. दोन शब्दांत माणसाला निकालात काढलं.

ओंजळ आम्ही दोघांनी लिहिली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला. मापं दिली की त्यातून गोलाकार वळणं काढून देणारं छोटंसं पॅकेज. ज्याला हवं त्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडून वापरावं, फुकट. नाव तिनं ठेवलं. म्हणाली, हाताची ओंजळ कशालाही बसते. गुळगुळीत करायची रीत माझी. सगळ्या ओंजळीत माझं म्हणावं असं तेवढंच.

ती म्हणजे पट्टी. सगळा वर्ग तिला पट्टीच म्हणायचा, कारण दप्तरात स्टीलची पट्टी नसली तर तिला चैन पडायची नाही. पडद्यावरची ओळ दाखवायलाही ती पट्टी लावायची, बोट नाही. मला ती काडेपेटी म्हणायची. का, ते इथे लिहायची गरज नाही. ही वही वाचणारा मी एकटा.

यादी पुढे वाचली नाही. वर्षभरात तिचे तीन मेल आले, तेही वाचलेले नाहीत. तिन्हींचा विषय "ओंजळबद्दल". ज्याला बोलायचंय त्यानं माझ्याबद्दल बोलावं. ओंजळबद्दल काय बोलायचं?

प्रोग्रॅमला कुठली कुठली पॅकेजं लागतात त्याची एक फाइल असते. तिच्यात ओंजळच्या पुढे मी आज ठोकून लिहिलं: १.४. तीच. पुढची नको, मागची नको. दोन वर्षांपूर्वीची, आमची.

बुधवार, ५ मार्च

जिथे आठ महिने काम करतोय त्या जागेबद्दल इथे कधी नीट लिहिलंच नाही. वहीभर पट्टीच.

आमच्याकडे पाय बनतात. पुढच्या खोलीत चालायला शिकायचे दोन समांतर बार आणि भिंतभर आरसा. मागच्या खोलीत प्लास्टर, भट्टी, कोरायचं मशीन, माझं टेबल आणि मास्तर. मास्तर एकतीस वर्षं पाय बनवतायत. पेशंटच्या उरलेल्या पायावर दर तीन सेंटिमीटरला फीत लावून घेर मोठ्यानं सांगतात, मी टाइप करतो. ओंजळ त्यातून आकार काढते, मशीन तो आकार कडक फोमच्या ठोकळ्यात कोरतं, आणि त्या ठोकळ्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढलं की वाटी तयार. वाटी म्हणजे ज्यात पेशंट पाय घालतो ती. पायाचा बाकी सगळा भाग बाजारात मिळतो. वाटी ज्याची त्याचीच लागते.

एक तारखेला कोरायचं मशीन नवं आलं आणि कॉम्प्युटरही. जुन्या मशीनचं पातं झिजून झिजून चमच्यासारखं झालं होतं.

आता घोळ. पॅकेजं एकटी राहत नाहीत. हे त्याच्या आधारावर, ते आणखी कुणाच्या, आणि प्रत्येकाच्या अटी. या सगळ्यांचा मेळ बसवणारा एक प्रोग्रॅम असतो. मी त्याला जुळव्या म्हणतो. आज जुळव्यानं हात वर केले. नव्या मशीनचं पॅकेज म्हणतं, मला आकडेमोडीचं पॅकेज तीन किंवा त्याच्या पुढचंच हवं. ओंजळ १.४ म्हणते, मला तीनच्या आतलंच चालतं. दोघं एकाच घरात नांदणं शक्य नाही.

मशीनवाल्या कंपनीला फोन लावला आणि अर्धा तास भांडलो. पलीकडचा माणूस शेवटी म्हणाला, "साहेब, तुमच्या यादीत एखादं पॅकेज अडकवून ठेवलंय का?" मी म्हटलं, तुम्ही तुमच्या मशीनचं बघा. फोन आपटला. फोन संस्थेचा आहे.

मास्तर प्लास्टर कालवत होते. म्हणाले, "काय शहाणे, जमलं?"

"जमेल. बाहेरच्यांची चूक आहे."

"असं होय," मास्तर म्हणाले. एकतीस वर्षांत त्यांनी किती जणांच्या तोंडून हे ऐकलं असेल कोण जाणे.

शुक्रवार, ७ मार्च

ताई शाळेत शिकवते आणि वर शाळेचं टाइमटेबल तिच्याच गळ्यात असतं. आज जेवणाच्या टेबलावर तिचे रंगीत कागदाचे तुकडे पसरलेले. विज्ञानाच्या सरांना गुरुवार नको, खेळाचे सर दुपारनंतरच, चित्रकलेच्या बाई दोन शाळांत शिकवतात.

मी म्हटलं, "ताई, माझंही नेमकं हेच चाललंय. फक्त माझ्याकडे सर नाहीत, पॅकेजं आहेत."

"मग चहा कर आणि बस. एकत्र रडू."

चहा केला. बसलो. ती म्हणाली, "बसत नसलं की मी एकच बघते. हट्टाला कोण पेटलंय."

"सगळेच पेटलेत."

"नाही रे. सगळे कुरकुर करतात, पण थोडं इकडे थोडं तिकडे सरकतात. हट्टाला एकच पेटलेला असतो, आणि त्याच्या एका तासापायी बाकी सगळी शाळा उलटीपालटी होते. गंमत म्हणजे त्याला वाटत असतं, आपल्याएवढं साधं मागणं कुणाचंच नाही."

पटलं. अगदी बरोबर बोलली. मशीनवाल्या कंपनीचं वर्णन याहून चांगलं कुणी केलं नसतं.

सोमवार, १० मार्च

जुळव्याला मोकळं सोडलं. ओंजळ १.४ला हात लावायचा नाही, बाकी कुणाची कुठलीही आवृत्ती घे, पण बसव. एक तास चाळीस मिनिटं तो मागे मागे जात राहिला. मशीनचं नवं पॅकेज जमत नाही, मग त्याच्या आधीचं बघ, त्याच्याही आधीचं. ते बदललं म्हणून दुसरं मागे, त्यापायी तिसरं. पडद्यावर नावं आणि तारखा सरकत होत्या. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बघत बसलो, जेवायलाही उठलो नाही.

कारण तारखा. आकडेमोडीचं पॅकेज, दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतलं. त्या फेब्रुवारीत आम्ही तळघरातल्या प्रयोगशाळेत बसायचो. सतरा कॉम्प्युटर, त्यातला नऊ नंबरचा आमचा, कारण त्याचं स्पेसचं बटण रुसलेलं असल्यामुळे तो दुसऱ्या कुणाला नको असायचा. खुर्च्या दोन, पण एकीचं रेक्झिन फाटलेलं. ती कुणी घ्यायची यावर रोज भांडण, आणि रोज ती मीच घ्यायचो. फायली वाचायचं पॅकेज, नऊ मार्चचं. नऊ मार्चला तिनं माझा पंजा मोजला होता. पट्टी आडवी ठेवून, शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यानं. "साडेआठ," म्हणाली, आणि वहीत लिहून घेतलं. कशाला, ते मी विचारलं नाही. दोन वर्षं झाली, अजून विचार करतोय, कशाला. चित्रं काढायचं पॅकेज, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं. त्या आठवड्यात तळघराची खिडकी उघडी राहून पाऊस आत आला, नऊ नंबरचा की-बोर्ड आम्ही तिच्या ओढणीनं पुसला, आणि कमाल म्हणजे त्यानंतर स्पेसचं बटण चालायला लागलं. आम्हाला दोघांनाही वाईट वाटलं. आता नऊ नंबर कुणीही मागेल.

एकेक करत सगळी पॅकेजं त्या वर्षाच्या त्या तीन महिन्यांत येऊन बसली. एकाला धरून ठेवलं तर बाकीचे सगळे आपोआप तिथे परत येतात. मला हे आधी का कळलं नाही?

शेवटी आलं: सर्व अटी पूर्ण. मशीन थोडं कुरकुरलं, पण चाललं.

मग ओंजळची फाइल उघडली, ओळ दोनशे बारा. तिथे तिनं माझ्यासाठी लिहिलेली टीप अजून आहे: "काडेपेटी, इथे हात लावू नकोस. मी विचार करतेय." दोन नंबरच्या आवृत्तीत ही ओळ असणार नाही. म्हणून १.४. आता या वहीला सगळं खरं सांगून झालं.

गुरुवार, १३ मार्च

नव्या मशीनवरचा पहिला पेशंट. कंडक्टरबाई. गुडघ्याखालचा डावा पाय अकरा वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासून मास्तरांच्याच वाटीवर बसमध्ये उभ्या. मागच्या महिन्यात पायरीवरून घसरल्या आणि वाटीला चीर गेली. आता डेपोत पुन्हा चालून दाखवायची परीक्षा, मंगळवारी पंचवीस तारखेला. नापास झाल्या तर बसमधून खाली.

"खाली म्हणजे कुठे?" मी विचारलं.

"हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर लोकांच्या छत्र्या सांभाळत बसायचं. मी बसणारी बाई नाही, बघतोयस ना? मास्तर, हा नवा कोण?"

"कॉम्प्युटरवाले आहेत."

"कॉलेजात जायच्या वयाचा दिसतोय."

"सोडलं," मी म्हटलं.

"कॉलेजनं तुला की तू कॉलेजला?"

मास्तर फीत लावता लावता हसले. दुपारभर तेच डोक्यात. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक आला होता. त्यानं ओंजळ चालवून बघितली, मान डोलावली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ही तुमची रीत. हिच्यात एखादं साधं वर्तुळ घालून बघितलंत का कधी?" मी म्हटलं, वर्तुळ काय घालायचं, आम्ही खऱ्या पायांची मापं घातली आहेत. तो म्हणाला, "उद्या वर्तुळ घालून या." सगळ्यांसमोर. पट्टीसमोर. म्हणजे पहिलीतलं पोर की काय मी? जर्नल फाडून टेबलावर ठेवलं आणि निघालो. वाटलं, ती मागून येईल. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबलो. बत्तीस पायऱ्या. ती आत बसून फाडलेली पानं जुळवत होती, असं नंतर कुणी तरी सांगितलं. त्याचा मला जास्त राग आला.

कंडक्टरबाईंचा पाय हडकुळा. समोरचं हाड धारेसारखं वर आलंय. मास्तरांनी घेर सांगितले, मी टाइप केले. दुपारपर्यंत ठोकळा कोरून झाला. सुंदर. काचेसारखा गुळगुळीत. पट्टीनं बघायला हवा होता.

सोमवार, १७ मार्च

वाटी चावली. मास्तर हाच शब्द वापरतात. कंडक्टरबाई बारमधून चार पावलं चालल्या, पाचव्याला थांबल्या आणि आरशात बघत म्हणाल्या, "मास्तर, कुणाच्या पायाची दिलीत?"

वाटी काढल्यावर समोरच्या हाडावर लाल पट्टा. मास्तर खाली बसले, चष्मा कपाळावर नेऊन बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माप माझं चुकलं. परत घेऊ."

परत घेतलं. या वेळी प्रत्येक घेर दोनदा. त्यांची बोटं किंचित थरथरतात, हे मला आजच दिसलं. आधीपासून थरथरत असतील तर ठाऊक नाही.

मी जुळव्याच्या नोंदी तपासल्या. कुठेही चूक नाही, सर्व अटी पूर्ण. मास्तरांना बरं वाटावं म्हणून सांगितलं, "प्रोग्रॅममध्ये काही नाही मास्तर. मशीन चुकत नाही."

"तेच म्हणतोय मी," मास्तर म्हणाले. "मशीन चुकत नाही."

मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल.

बुधवार, १९ मार्च

दुसरी वाटीही चावली. आता कातडी सोलली. कंडक्टरबाई ओरडल्या नाहीत, विनोदही केला नाही, तेच वाईट. जुना पाय चिकटपट्टीनं बांधून, कुबडी घेऊन गेल्या. दारातून म्हणाल्या, "मंगळवार आहे मास्तर. माझी काही घाई नाही, पण मंगळवारची असणार."

त्या गेल्यावर मास्तरांनी आपलं कपाट उघडलं आणि आतून लाकडी मुठीची रापी काढली. प्लास्टर तासायची, मूठ त्यांच्या बोटांच्या आकाराची झिजलेली. माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ही ठेवा तुम्ही."

"मला कशाला? मला प्लास्टर येत नाही."

"नव्या माणसाला द्या. जो येईल त्याला."

मग कळलं. त्यांनी संस्थेच्या सेक्रेटरींच्या नावानं पत्र लिहिलंय. सोमवारी देणार. रविवारी सकाळी येऊन कपाट आवरणार. दुसऱ्या गावचा कारागीर कंडक्टरबाईंसाठी येतो का, ते फोन करून विचारलं; तो पुढच्या महिन्यात येतो म्हणाला.

"मास्तर, दोन वाट्यांवरून कुणी एकतीस वर्षं सोडतं का?"

"एका वाटीवरून सोडायला हवी होती. दुसऱ्या वाटीत त्या बाईचं रक्त निघालं." मग हात पुसत म्हणाले, "हात सांगतो रे कधी थांबायचं ते. आपण ऐकत नाही."

अरे म्हणाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा. एरवी अहो आणि शहाणे.

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि एक विचारही आला, लिहूनच टाकतो: म्हातारं माणूस आपणहून बाजूला होतंय, चांगलंच आहे. हे लिहिताना लाज वाटतेय, पण हे आलं होतं खरं.

शुक्रवार, २१ मार्च

आज नीट, क्रमानं लिहितो.

मास्तर सकाळी दवाखान्यात गेले होते, बोटांचं दाखवायला. मी एकटाच. कंडक्टरबाईंचा दुसरा ठोकळा टेबलावर पडलेला. शेजारी कागद, त्यावर मास्तरांचे घेर. सहज, खरंच सहज, फीत घेतली आणि ठोकळ्यावर लावली. तिसऱ्या खुणेला मास्तरांनी सांगितलं होतं चोवीस पूर्णांक सहा. ठोकळा म्हणाला तेवीस पूर्णांक नऊ.

परत लावली. तेवीस नऊ. चौथ्या खुणेला, पाचव्या, सगळीकडे कमी. म्हणजे मास्तरांनी बरोबर सांगितलं, मी बरोबर टाइप केलं, आणि मधे कुणी तरी सात मिलिमीटर खाल्ले.

कपाटाच्या वरच्या फळीवर जुने ठोकळे असतात, पेशंटच्या नंबरानं. दिवाळीत एका पेशंटसाठी मीच जुन्या मशीनवर कोरलेला एक काढला. त्याच्या कागदाशी ताडून बघितला. तंतोतंत. पण प्रोग्रॅम तर तोच होता, ओंजळही तीच. मग डोक्यात उजेड पडला, किंवा अंधार. जुन्या मशीनचं पातं झिजलेलं. ते कडेनं एकेक मिलिमीटर जास्त ठेवत होतं. ओंजळ खात होती आणि झिजलेलं पातं तेवढंच परत देत होतं. दोन चुका एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या होत्या आणि आम्ही म्हणत होतो, काय छान बसतंय. नवं पातं धारदार आलं आणि एक चूक निघून गेली. दुसरी उघडी पडली.

ओंजळ खात होती म्हणजे कोण खात होतं, ते समजायला मला वर्तुळ घालून बघावं लागलं. पंचवीस सेंटिमीटर घेराचं साधं वर्तुळ. आत टाकलं. बाहेर आलं चोवीस पूर्णांक तीन.

माझी रीत म्हणजे प्रत्येक बिंदूला त्याच्या दोन शेजाऱ्यांच्या मधोमध ओढायचं. सरळ रेषेत ठीक आहे. पण गोलावर दोन शेजाऱ्यांचा मध्य नेहमी किंचित आतच असतो. म्हणजे प्रत्येक बिंदू आत. जितकं टोकदार वळण तितका जास्त आत. हडकुळ्या पायाचं पुढचं हाड, तिथे सगळ्यात जास्त. पहिलीतल्या पोराला कळलं असतं.

मग मेल उघडले. तिन्ही.

पहिला मागच्या वर्षीच्या जूनचा. "काडेपेटी, तुझी रीत आकार आत ओढते. मी वर्तुळ घालून बघितलं. तपासताना मीही होकार दिला होता, म्हणजे चूक दोघांची. तू ओंजळ कुठे वापरतोयस का? कुणाच्या अंगाला लागणाऱ्या वस्तूसाठी वापरत असशील तर थांब." खाली वर्तुळांचं एक कोष्टक, तिच्या पद्धतीचं, प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलेलं.

दुसरा नोव्हेंबरचा, दोन ओळी. "पोचलं का? नुसतं हो लिही."

तिसरा जानेवारीचा. "आम्ही दोन नंबरची आवृत्ती काढतोय. नवी रीत बसवली आहे. लेखकांच्या यादीत तुझं नाव आहे तसंच ठेवलंय, ते काढायचं मनातही आलं नाही. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. पण १.४ सोड."

आम्ही, असं लिहिलंय. हा शब्द मी बराच वेळ बघत बसलो. आम्ही म्हणजे ती आणि कुणी तरी, जो तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतो. त्याची खुर्ची फाटलेली नसावी. त्याचा पंजा तिनं मोजला असेल का? मग लक्षात आलं की मी इथे कंडक्टरबाईंच्या हाडाबद्दल लिहायला बसलोय.

तिला लिहिलं, "वापरत होतो. एका बाईंना लागलं. सोडतोय." दोन वर्षांत तिला लिहिलेलं पहिलं पत्र, आणि त्यात प्रेमाचा एक शब्द नाही. पाठवून टाकलं.

शनिवार, २२ मार्च

सकाळी फाइल उघडली, ओंजळच्या पुढचं १.४ खोडलं. खोडण्याआधी दोनशे बारावी ओळ एकदा वाचली. उतरवून घेणार होतो, नाही घेतली. वहीत आधीच आहे, आणि पाठही आहे.

जुळव्याला सांगितलं, बसव. चार सेकंद लागले. त्या सोमवारी ज्याला एक तास चाळीस मिनिटं लागली होती त्याला चार सेकंद. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, सगळे एका ओळीत आपापल्या जागेवरून उठले आणि आजच्या तारखेला येऊन उभे राहिले. कुणीच कुरकुर केली नाही. मी एकटाच थोडा वेळ बसून राहिलो. वर्ग सुटल्यावर आपलं कुणी न्यायला येणार नाही हे माहीत असलेल्या पोरासारखा.

ताईला दुपारी फोन केला. सांगितलं, हट्टाला पेटलेला सापडला.

"कोण निघाला?"

"ओळखीचा आहे."

"जेवायला ये," म्हणाली. एवढंच. तिला आधीपासून कळलं होतं की काय?

कंडक्टरबाईंचा तिसरा ठोकळा कोरला. फीत लावली. चोवीस पूर्णांक सहा. सगळ्या खुणा जुळल्या. मास्तरांचा थरथरता हात, आणि एक मिलिमीटर इकडे तिकडे नाही.

आता खरी गोष्ट. हा ठोकळा मी सोमवारी नुसता टेबलावर ठेवू शकतो. मास्तर म्हणतील, हा कधी कोरला? मी म्हणेन, तुमच्याच मापांवर, परत एकदा. वाटी बसेल, कंडक्टरबाई मंगळवारी चालतील, कुणी कुणाला काही विचारणार नाही. नोकरी टिकेल. कॉलेज सोडलेल्याला दुसरी नोकरी कोण देतो? दुपारभर हा बेत अगदी गोजिरवाणा वाटला.

पण पत्र पत्रच राहील. मास्तर उरलेलं आयुष्य समजत बसतील की दोनदा त्यांचा हात चुकला आणि तिसऱ्यांदा नशिबानं जमलं. रस्त्यात कुणी लंगडताना दिसलं की आपले हात खिशात घालतील. मी त्यांना म्हटलं होतं, मशीन चुकत नाही. त्यांनी मान्य केलं होतं.

रविवार, २३ मार्च

साडेनऊ. मास्तर नऊला येतात आणि कपाट आवरायला त्यांना फार वेळ लागणार नाही, त्यांच्याकडे मुळात वस्तू कमी.

रात्रभर वाक्यं जुळवत होतो. "मास्तर, एक तांत्रिक अडचण होती" हे खोडलं. "मास्तर, जुन्या पॅकेजमध्ये दोष होता" हेही खोडलं, कारण पॅकेजनं आपणहून काही केलं नाही. त्याला तिथे मी बांधून ठेवलं होतं, आणि का बांधलं हे सांगताना पट्टीबद्दल सांगावं लागेल. म्हाताऱ्या माणसासमोर, प्लास्टरच्या वासात, पट्टीबद्दल. ते हसतील तर हसू दे. रागावतील तर मी उलट बोलणार नाही, असं ठरवलंय. जमेल की नाही ठाऊक नाही. उरलं ते एवढंच: "मास्तर, तुमचं माप बरोबर होतं. दोन्ही वेळा. चूक माझी होती."

ताई टाइमटेबलचे तुकडे गोळा करतेय. तिचं बसलंय. चित्रकलेच्या बाईंनी एक तास सोडला.

"रविवारचं कुठे?" तिनं विचारलं.

"मास्तरांकडे."

"येताना भाजी आण."

"कदाचित नोकरी सोडून येईन."

"तरी भाजी आण."

ठोकळा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलाय. कागदही घेतलाय, त्यांच्या अक्षरातला. कंडक्टरबाईंना फोन केला, म्हटलं, अकराला या, वाटी ओढायला मास्तर असतील. असतील ना, त्यांनी विचारलं. असतील म्हटलं. आता थांबता येत नाही.

वही इथेच टेबलावर ठेवतो. बूट घातले. ताई आतून काही तरी म्हणतेय, ते आल्यावर ऐकेन. निघालो. दार लावून घेतो.